दोन बिंदू पुरतात

"बाई, हात लावून पाहा," ठमके सरदार म्हणाले आणि गळ्यातला दुपट्टा काढून त्यांनी माझ्या टेबलाच्या कडेला ठेवला.

दुपट्टा काळा होता, त्यात नवल नव्हतं. पण तो ओलाकिच्च होता, पिळला असता तर धार लागली असती. माझ्यासमोर ट्रेसिंगचा कागद पसरलेला. मी आधी तो ओढून सुरक्षित जागी ठेवला आणि मग दुपट्ट्याला बोट लावलं. माझी कामाची शिस्त अशी होती.

"घाम आलाय इतका?" मी विचारलं.

"माह्या अंगाचा नाई जी. फेसले सुटला हाये घाम. कोळसा पाझरून राह्यला. पुसलं का पाच मिनटात पुन्हा ओला."

फेस म्हणजे कोळसा तोडत माणसं जिथवर पोचली असतील ती समोरची भिंत. मी तो शब्द रोज लिहीत होते, पण फेस कधी पाहिला नव्हता. बायकांनी खाणीत उतरायचं नाही असा कायदाच होता. पिंपरडोहच्या खाणीचा नकाशा मला तोंडपाठ होता, आणि खाणीच्या तोंडाशी दिवे वाटतात त्या बत्तीघराच्या पुढे मी पाऊल टाकलं नव्हतं. साल एक्क्याऐंशी. मी तेवीस वर्षांची, गणित घेऊन बी.एस्सी. झालेली, सर्वे ऑफिसात ट्रेसर. काम काय, तर साहेबांनी काढलेल्या रेघांवर रेघा ओढायच्या. आणि मनात ठाम समजूत की या ऑफिसात अक्कल म्हणून जी काही आहे ती माझ्याच टेबलावर आहे.

"साहेब कुठं हायेत?" सरदारांनी विचारलं.

"देऊळकर साहेब आईच्या तेरवीला गेलेत आर्वीला. सोमवारी येतील."

सरदार उंबऱ्यातच उभे होते. बुटांना चिखल म्हणून आत येत नव्हते. पंचेचाळिशीचा माणूस, सातवी शिकलेला, पण सरदारकीची परीक्षा पहिल्या झटक्यात पास झालेला. सरदाराचं काम म्हणजे पाळीतल्या माणसांच्या जिवाची राखण. फेस आधी त्याने तपासायचा, छताला सळईने ठोकून आवाज ऐकायचा, मगच मजुरांनी पुढे जायचं.

"सोमवार लय दूर हाये," ते म्हणाले. "पोट्टे कामाले लागाले तयार नाईत. म्हणतात, जुन्या कंपनीचं पाणी हाये पलीकडं. मॅनेजर साहेबांकडं गेलो, तर ते म्हणतात, सर्वेवाल्यांनी सांगतलं का जुनी गॅलरी साठ मीटरच्या आत हाये, तर काम थांबवतो, मशीन आणून पुढं भोकं मारून पाह्यतो. नाई तर एक टोपलंही कमी चालनार नाई. आता तुमीच सांगा. पाणी किती दूर?"

जुन्या कंपनीचं पाणी हे त्या भागातलं खरंखुरं भूत होतं. सरकारने खाणी ताब्यात घेण्याआधी एका खासगी कंपनीने तिथे एक लांबलचक गॅलरी, म्हणजे जमिनीखालचा बोगदा, खणली होती, सरळ, बाण मारल्यासारखी. पुढे ती सोडून दिली आणि ती पाण्याने भरली. वीस वर्षांचं कोंडलेलं पाणी. त्या भागाचा नकाशा वाळवीने खाल्लेला होता. उरलं होतं फक्त मोजणीचं एक रजिस्टर, आणि त्यात त्या गॅलरीतल्या दोन खुणांची नोंद.

साहेब जाताना किल्ल्या देऊन म्हणाले होते, "कुणी काही विचारलं तर मी आल्यावर बघू, एवढंच सांगायचं." तेवढं सांगितलं असतं तर काम थांबलं असतं की नाही, देव जाणे. पण मी ते सांगितलं नाही. कुणीतरी मला पहिल्यांदाच काही विचारत होतं.

"बसा सरदार," मी म्हणाले. "पाच मिनिटांत काढून देते."

"असं निघते?"

"निघतं तर! विशाखाला काय शिकवते मी रविवारी? हेच."

विशाखा त्यांची मुलगी, दहावीत होती. दर रविवारी माझ्या खोलीवर गणिताला यायची. बुद्धीने लख्ख, पण स्वतःवर भरवसा नाही. उत्तर बरोबर आलं तरी चारदा तपासायची. तिचं नाव निघताच सरदार खुलले. बुटांचा चिखल पायपुसण्याला पुसून आत आले आणि स्टुलाच्या टोकावर बसले.

मी रजिस्टर काढलं. पिवळी पानं, दोन रकाने, आकड्यांखाली आकडे. आमच्याकडे खाणीचं तोंड म्हणजे शून्य धरतात. तिथून पूर्वेला किती मीटर तो एक्स, उत्तरेला किती मीटर तो वाय. दोन आकडे मिळाले की पृथ्वीच्या पोटातली कुठलीही जागा सापडते. पहिल्या खुणेपुढे लिहिलं होतं एकशेवीस आणि दोनशे. दुसरीपुढे तीनशेसाठ आणि तीनशेवीस.

"दोनच?" सरदार वाकून बघत होते. "दोन ठिकाणं पुरतात?"

"रेघ सरळ असेल तर दोन बिंदू पुरतात, सरदार. तिसरा लागतच नाही."

मी कागदावर मांडत गेले आणि त्यांना समजावत गेले. एक्स दोनशेचाळीसने वाढला तेव्हा वाय एकशेवीसने वाढला. म्हणजे चढ अर्धा. मग वाय बरोबर एक्सचा अर्धा अधिक काहीतरी. ते काहीतरी किती? पहिला बिंदू घाला. एकशेवीसचा अर्धा साठ, आणि वाय तर दोनशे आहे, म्हणजे वर एकशेचाळीस.

"वाय बरोबर एक्स भागिले दोन, अधिक एकशेचाळीस," मी म्हणाले आणि खाली दोन रेघा मारल्या. "हे तुमच्या जुन्या गॅलरीचं समीकरण. आता ती कुठून कुठे जाते ते तिच्या बापालाही लपवता यायचं नाही."

सरदार त्या ओळीकडे पाहत राहिले. "पोट्टी म्हणते, ताळा पाह्यल्याबिगर उत्तर लिहाचं नाई. तुमीच शिकवलं म्हणते."

माझी शिकवण मलाच ऐकवत होते. मला हसू आलं, बरंही वाटलं. मी ताळा करून दाखवला. एकशेवीस घातले, दोनशे आले. तीनशेसाठ घातले, तीनशेवीस आले. दोन्ही बिंदू रेघेवर चपखल बसले.

"आता तुमचा फेस. आमच्या नकाशावर पूर्वेला तीनशेऐंशी, उत्तरेला चारशेसाठ. इथून या रेघेपर्यंतचं अंतर..." मी वर्गमूळ काढलं. "एकशेसोळा मीटर. साठच्या जवळजवळ दुप्पट. आणि तुम्ही पश्चिमेला चाललाय ना? जसजसे पुढे जाल तसतसं पाणी लांबच पडत जाईल."

सरदारांनी मान हलवली, पण उठले नाहीत. दुपट्टा हातात घेऊन नाकाशी नेला.

"मंग हे पाणी कोठचं?"

"वरच्या दगडातून झिरपत असेल. खाण म्हटली की पाणी आलंच."

"झिरपणाऱ्या पाण्याले वास नसते बाई. याले हाये. सडक्या अंड्यासारखा. वरसानुवरसं कोंडलेल्या पाण्याले असा वास येते. माहा बाप सांगे. घ्या, हातच्या काकणाले आरसा कायले?"

त्यांनी दुपट्टा माझ्यापुढे धरला. वास होता. आज मी हे कबूल करते, कारण लपवून आता कुणाचं काही वाचणार नाही. वास मला आला होता.

"सरदार," मी म्हणाले, "अंतर नाकाने मोजतात का?"

ते हसले. मोठ्या मनाने हसले, स्वतःवरच. "बरोबर हाये जी. आमी पडलो अडाणी. तुमी शिकल्या-सवरल्या. एवढं लिहून द्या मले. पोट्ट्यांना कागद दाखवतो, त्याबिगर हलनार नाईत."

मी स्वच्छ कागद घेतला. दोन बिंदू, समीकरण, ताळा, एकशेसोळा मीटर, आणि खाली सही: प्र. वैरागडे. ट्रेसरला अशी सही करायचा अधिकार नव्हता. त्यांनी कागदाची घडी घालून छातीच्या खिशात ठेवली, वरून थोपटली आणि गेले. त्या दिवशी मी डबा खाताना गाणं गुणगुणत होते. तो सोमवारच्या आधीचा शुक्रवार.

सोमवारी सकाळी साहेब यायच्या आत आपण सगळं कसं टापटीप केलंय ते दाखवावं म्हणून मी जुन्या रजिस्टरांची यादी करायला घेतली. यादीत रजिस्टरचा नंबर हवा. नंबर पहिल्या पानावर असतो. मी पहिलं पान उघडलं.

तिथे जांभळ्या शाईत रकान्यांची नावं लिहिली होती. ती फक्त त्या एकाच पानावर होती, पुढे कुठेच नाही. डावीकडे उत्तर, उजवीकडे पूर्व.

आमच्या छापील फॉर्मवर आधी पूर्व, मग उत्तर. शाळेत आधी एक्स, मग वाय. मी जन्मभर तेच केलं होतं, आणि दुसरं काही असू शकतं हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. जुन्या कंपनीचा सर्वेअर आधी उत्तर लिहायचा. मी दोन्ही बिंदू उलटे वाचले होते. दोन्ही सारखेच उलटे, म्हणून रेघ निघाली, म्हणून ताळाही जुळला. चुकीचे बिंदू चुकीच्या रेघेवर अगदी बरोबर बसले होते.

मी पुन्हा मांडलं. दोनशे, एकशेवीस. तीनशेवीस, तीनशेसाठ. चढ अर्धा नाही, दोन. वाय बरोबर दोन एक्स वजा दोनशेऐंशी. फेसपासूनचं अंतर काढलं तर नऊ मीटर आलं. तेही शुक्रवारचं. शनिवारी काम झालं होतं, आणि सोमवारची पहिली पाळी आठ वाजता उतरली होती.

घड्याळात सव्वानऊ वाजले होते.

आता मी जे केलं ते सांगते. मी धावले नाही. मी तेच गणित पुन्हा केलं. मग तिसऱ्यांदा केलं. मग पट्टी घेऊन आलेख कागदावर दोन्ही रेघा काढून पाहिल्या, की कुठेतरी माझी आताची चूक सापडेल आणि शुक्रवारचं उत्तर बरोबर ठरेल. हात नीट, बारीक रेघा ओढत होते. टेबलावरचा फोन खाली खाणीत लागत होता. तो उचलायला दोन सेकंद पुरले असते. पण उचलून म्हणायचं काय? वैरागडे बाई चुकली?

दहाला दहा कमी असताना मी फोन उचलला. खालचा फोन कुणी घेईना. मी दुसऱ्यांदा हँडल फिरवत होते तेवढ्यात खाणीच्या तोंडातून वारा उलटा आला. वारा नेहमी आत जातो. तो बाहेर आला, कोळशाची भुकटी घेऊन, आणि बत्तीघराचं दार त्याने धाडकन आपटलं. मग भोंगा वाजू लागला. तो थांबेचना.

त्या फेसवर नऊ माणसं होती. दोघं वर आले. त्यातला भगवान नावाचा लोडर, कोळसा भरणारा मजूर, सांगत होता, "सरदार फुडं होता. सळई मारून पाह्यत होता भितीले. आमाले म्हने, मांगं व्हा. मांगं व्हा म्हने, अन् भितच आली अंगावर." एवढंच तो सांगे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करी. बायका फाटकाशी जमल्या होत्या. त्यांत विशाखा शाळेच्या कपड्यांत होती. तिने मला पाहिलं आणि धावत येऊन माझा हात धरला. माझाच हात धरला तिने.

पाणी उपसायला नऊ दिवस लागले. सात प्रेतं निघाली. ठमके सरदारांच्या छातीच्या खिशात कागदाचा लगदा होता. शाई पार धुऊन गेली होती.

हे मला देऊळकर साहेबांनी सांगितलं, दार लावून घेऊन. मी त्यांना सगळं आधीच सांगितलं होतं, रडत, हुंदके देत. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं होतं. माणूस वाईट नव्हता. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि रजेवर जाताना त्यांनी कामाचा भार लेखी कुणाकडेच सोपवला नव्हता.

"बाई, तुमचं काम रेघा गिरवण्याचं," ते म्हणाले. "हिशेब तुम्ही करूच शकत नाही. मग तुम्ही तो केलेलाच नाही. कळलं?"

"पण मी लिहून दिलं होतं, साहेब."

"कुठे आहे कागद?"

मी लावलेल्या दाराकडे पाहिलं.

"झाकली मूठ सव्वा लाखाची. तुम्ही तोंड उघडलंत तर सात माणसं परत येणार नाहीत. आठवं कुणीतरी जाईल, एवढंच. तुमच्या घरी आई आहे ना?"

त्याच रविवारी ऑफिसमागे वाळवी लागलेले गठ्ठे जाळले. ते रजिस्टर त्यांत होतं. मी खिडकीतून पाहत होते. खिडकी मी लावूनही घेतली नाही आणि बाहेरही गेले नाही.

चौकशीला मोठे अधिकारी आले. मला आत बोलावून खुर्ची दिली, पाणी दिलं. एकच प्रश्न विचारला. "या कामाबाबत सर्वे ऑफिसकडे कुणी विचारणा केली होती का?"

"नाही," मी म्हणाले.

दोन महिन्यांनी अहवाल आला. फेसवर पाझर दिसत असूनही, आणि जुन्या गॅलरीची जागा नक्की माहीत नसूनही, सरदार किसन ठमके यांनी माणसं पुढे नेली, असा त्याचा सारांश होता. खाणीच्या फाटकावर तो मराठीत टाइप करून लावला होता. सहा घरांच्या बायका ठमक्यांच्या दारावरून जाताना थुंकायला लागल्या. त्यांची बायको पर्वताबाई दारातच उभी राहून प्रत्येकीशी भांडायची. "माह्या नवऱ्यानं कधी कोनाले इचारल्याबिगर पाऊल टाकलं नाई!" असं ओरडायची. तिचा आवाज आमच्या चाळीपर्यंत यायचा.

असाच एक रविवार होता. दुपारी दार वाजलं. उघडलं तर विशाखा, वही छातीशी धरून. दोन महिन्यांत ती आली नव्हती. वाळून काटकी झाली होती. मी तिला आत घेतलं, चटई टाकली.

"ताई, एक इचाराचं होतं," ती म्हणाली. "कोनाले सांगू नका."

"नाही सांगणार."

तिने वही उघडून माझ्यापुढे सरकवली. तिच्याच गोल अक्षरात लिहिलेलं होतं. दोन बिंदू. वाय बरोबर एक्स भागिले दोन, अधिक एकशेचाळीस. खाली ताळा, एकदा नाही, चारदा केलेला.

मी वहीकडे पाहत राहिले.

"बाबांनी त्या शुक्रवारी संध्याकाळी कागद घरी आणला होता. तुमच्या सहीचा. म्हणे, बाईंनी तर सांगतलं, पण माहं मन मानत नाई. त्या पाण्याचा वास जात नाई माह्या नाकातून. तू तपासून दे. मी वहीत उतरवून घेतलं अन् तपासलं, ताई. चार वेळा. दोन्ही बिंदू बसले. मी म्हटलं, बाबा, बरोबर हाये, जा बिनधास्त." ती चटईची काडी उपटू लागली. "बाबा मायले म्हणे, पोरीनं तपासलं आता, मले भेव नाई. शनवारी गेले, सोमवारी गेले."

ती रडत नव्हती. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

"मी मायलेही सांगतलं नाई. झोपले का तेच दिसते. ताई, तुमचं तर चुकनार नाई. मंग माहंच चुकलं नं? ताळ्यात काही चुकलं का माहं? पाहा नं."

सांगायला एकच वाक्य पुरलं असतं. बिंदू उलटे होते, आणि ते मी उलटे दिले होते. तेवढं म्हटलं असतं तर ती पोर मोकळी झाली असती. आणि तिच्या हातातली ती वही, माझं नाव सांगणारी, पर्वताबाईच्या हातात गेली असती, तिथून फाटकावर, तिथून चौकशी करणाऱ्या साहेबांकडे. मी हे सगळं त्या एका क्षणात पाहिलं. इतकं झरझर गणित मी आयुष्यात दुसरं केलं नाही.

मी वही जवळ ओढली आणि ताळा तपासल्यासारखं केलं. आकड्यांवरून बोट फिरवलं.

"तुझं काही चुकलं नाही," मी म्हणाले. "अगदी बरोबर आहे."

"खरंच?"

"खरंच. गणित बरोबर आहे. एका आकड्याचीसुद्धा चूक नाही."

तिने श्वास सोडला. दोन महिने कोंडलेला श्वास असावा तो. मग तिच्या कपाळावर हळूहळू आठी आली. हुशार मुलगी ती, एक पायरी सुटली की दुसरीकडे जाणारच.

"गणित बरोबर हाये," ती सावकाश म्हणाली, "अन् तरी पाणी आलं. मंग फेस कुठं होता ते बाबांनीच तुमाले चुकीचं सांगतलं असन. नाई?"

मी वहीतलं ते पान फाडलं. तिने अडवलं नाही. घडी घालून ते मी मुठीत धरलं.

"असेल," मी म्हणाले.

ती मग उठली, रिकामी वही पुन्हा छातीशी धरली.

"मायले सांगतो मंग," ती म्हणाली. "बाबांचंच चुकलं म्हणून. ती उगाच रोज लोकांशी भांडते."

ती जिना उतरून गेली. मी दारातच उभी होते. तिला हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

त्या संध्याकाळपासून पर्वताबाईचा आवाज आला नाही.